बंधुमंडळाचा इतिहास

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा म्हणाले,
फोटो एकच, पासपोर्ट साईज चालेल.

स्थापना एकसष्टची, श्रावणातला कुठलासा सोमवार.
अशोक चौकामागं, रात्रकॉलेजच्या जिन्याखाली,
सायकली लावायचे तिथं. सातजण.
पाच साच्यावरचे, एक पोस्टातला,
आणि रेवणसिद्ध हावनूर, जो पुढं जन्मभर सांगायचा
की मी फक्त सायकल काढायला आलो होतो.

नियम तेलुगूत ठरले, भांडण कानडीत झालं,
लिहिलं मराठीत,
कारण वही इस्माईल नदाफच्या हातात होती
आणि अक्षर त्याचंच बरं.

कलम एक: वर्गणी महिना चार आणे.
कलम दोन: परीक्षेच्या रात्री बंधूची पाळी बंधूनं करायची.
कलम तीन वाचता येत नाही,
शेंगाचटणीचं तेल सांडलंय.

नवा आला की दिवा मालवायचे,
तुटकं सूत हातात. मार गाठ.
दिवा लागला की अंबादास मादगुंडी ती नखानं चाचपायचा,
फणीतून गेली पाहिजे, म्हणायचा,
नाहीतर पुढच्या महिन्यात ये.
मी किराणावाल्याचा पोरगा. तीनदा गेलो.

अडुसष्टला पेटीतले साठ रुपये गेले.
नाव कुणी घेतलं नाही.
सगळे नुसते इस्माईलकडं बघत राहिले,
आणि तो वही ठेवून उठला.
पुढची पानं वाकड्या अक्षरात.
शहात्तरच्या मार्चात मधेच, हिरव्या शाईत
एक ओळ: साठ जमा. सही नाही.
अक्षर मी ओळखतो.
स्मरणिकेत लिहिणार नाही.

भाग्यलक्ष्मी सिंगम आली तेव्हा
नावातला 'बंधू' काढावा का, यावर चार बैठका झाल्या.
तोवर तिनं अंधारात सात गाठी मारून ठेवल्या होत्या.
शब्द राहिला, तीही राहिली.
हजेरीत अजून आहे, बंधू भाग्यलक्ष्मी.

मग गिरणीचा भोंगा थांबला
आणि वर्ग वेळेवर भरेनात,
घड्याळ होतं कुणाकडं?

शेवटच्या बैठकीला तिघं. कोरम पाचचा.
म्हणजे घटनेप्रमाणे बैठक झालीच नाही,
बरखास्तीचा ठराव आलाच नाही,
मंडळ चालू आहे.
माझी वर्गणी तेवढी थकलीय.

रात्री दिवे जातात तेव्हा
चादरीच्या काठाचं निघालेलं सूत बोटांना लागतं.
पहिल्या खेपेला अजून जमत नाही.