जिवंत टोक

मे महिना. अमरावती रोडवर दुपारी दोनला
डांबर चपलेला धरून ठेवतं.
लॅबमधला कूलर खसाचा वास फेकतो
आणि त्याखालून माझा येतो: गंधकाचा,
सडक्या लसणासारखा.
मेसमधल्या पोरी ताट उचलून पलीकडे बसतात.

चार वर्षं मी साखळ्या वाढवते आहे.
मोकाट सोडल्या तर धावत सुटतात,
एकमेकींना धडकतात, जागच्या जागी संपतात;
कुणी हातभर, कुणी बोटभर.
म्हणून प्रत्येकीच्या टोकाला टोपी घालायची.
टोपी घातली की झोप.
निमिषभर जाग, जमली तर एखादी कडी जोडायची,
पुन्हा झोप.
सगळ्या सारख्या वाढतात त्या अशा,
जागरणं करून नव्हे.

हे मी नंदनवारकाकांना सांगत होते,
ते द्रव नायट्रोजन ओतत होते.
फ्लास्क गोठवायचा, हवा ओढायची, वितळू द्यायचा,
असं तीनदा. प्राणवायू जरा उरला तरी
साखळ्यांचा श्वास तिथंच थांबतो.
काका म्हणाले, "म्हंजे आपल्या नागपुरावानीच.
दुपारी झोपते, म्हून टिकते."

काका पाचपावलीचे, कोष्ट्याचे.
घरचा माग ते चौदा वर्षांचे असताना विकला गेला.
बोलता बोलता त्यांचा अंगठा अजून
तर्जनीवर काहीतरी वळत राहतो.

त्या रात्री दीडला लाइन गेली.
मी खोलीवर, अंगात ताप, गाढ.
लाइन परतेल तेव्हा हीटर कुठवर उसळेल
याचा भरवसा नाही, हे काकांना
कुणी शिकवलं नव्हतं.
मोबाइल दातांत धरून
त्यांनी तेलातून फ्लास्क उचलला.
बर्फ संपलेला. माठाचं तोंड लहान.
म्हणून अख्खा माठ बादलीत उपडा केला
आणि सकाळपर्यंत
स्वतः तहानलेले बसून राहिले.

"मेलं का बापा सारं?"
मी फ्लास्क खिडकीशी धरला.
आत फिकट गुलाबी,
जास्त पाणी घातलेल्या सरबतासारखं.
गुलाबी आहे, काका. म्हणजे टोप्या जागेवर आहेत.
"मंग टोक सापडलं म्हन ना.
धागा तुटला तं तुटला, सांधता येते.
टोक हारपलं का मंग मेला."

दुसरा मोनोमर घातला. पुन्हा गोठवणं, पुन्हा तीनदा.
बाहेर शेहेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रं नाही,
सगळं शहर पडदे ओढून टोपीखाली.
सातला दुकानांची शटरं वर गेली,
कुणीतरी हॉर्न वाजवला,
आणि स्क्रीनवर आलेख आला:
कालचा डोंगर पायथ्यासकट
डावीकडे सरकलेला.

पायथ्यासकट, असं म्हणायला मला आवडलं असतं.
उजवीकडे एक बारीक उंचवटा
जुन्या जागीच होता.
काकांनी त्यावर बोट ठेवलं. "हे?"
त्यांना जाग नाही आली.
"किती?"
शंभरात चार.
ते काही बोलले नाहीत.
अंगठा वळत राहिला.

वहीत मी लिहिलं:
अभिक्रिया मध्यरात्री थांबवली,
थंड करण्यासाठी माठाचं पाणी.
सरांनी 'माठाचं' खोडलं.
मी तारीख घालून पुन्हा लिहिलं.