पुठ्ठा

रात्री गाडीखाली फ्रिजचा पुठ्ठा सरकवला.
सकाळी त्यावर दोन डाग:
एक टर्बोच्या तेलनळीखाली,
दुसरा मागे, इंजिन गिअरबॉक्सला भेटतं तिथं.

हिंगणा रोडला खापेकर मिस्त्रीनं बोट लावलं, हुंगलं.
"पयला किरकोळ हाय, वायसर बदलू.
दुसऱ्यानं क्लच भिजवला."

उड्डाणपुलावर चौथ्यात दाबली:
काटा चढला, गाडी नाही.
सेहेचाळीस डिग्रीत तो जळका वास,
आम्ही दोघंही गप्प.

खोलल्यावर प्लेट कागदाएवढी.
"तेल तं मंगचं. आधीच्या मालकाचा पाय
पेडलवरच राहे. भेऊन चालवे बिचारा."

विकताना त्यानं किल्ली दोनदा परत मागितली होती,
आरसा पुसायचा राहिला म्हणून.

नवी प्लेट टाकून घरी येताना
डावा पाय कुठं ठेवावा, कळेना.