बांध, एक ठिपका रुंद

दिवसा मी जालन्यात बियाणं तपासते.
पांढऱ्या कागदावर शंभर ग्रॅम ज्वारी,
चिमटा, भिंग, तक्त्यात चार रकाने:
शुद्ध. काडीकचरा. इतर पीक. तण.
केन्याचं बी उचलते, कुर्डूचं उचलते,
काळं, चकचकीत, मुंगीच्या डोळ्याएवढं.
अठ्ठ्याण्णव टक्के भरलं की सही करते.
सही सुंदर आहे माझी.

रात्री अंबड चौफुलीमागच्या खोलीत
जुन्या लॅपटॉपवर जीव सोडते.
जीव म्हणजे काय, ठिपके.
प्रत्येकाच्या पोटात बारा आकडे:
किती चालायचं, काय खायचं,
पोट किती भरलं की एकाचे दोन व्हायचं.
दोन होताना एखादा आकडा चुकतो.
चुकू द्यायचा. सगळी गंमत त्या चुकीत.

चहा उकळेस्तोवर पडदा गोधडीसारखा दिसतो.
पहाटे बघावं तर नुसता पिवळा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
ऑक्टोबरातल्या सोयाबीनसारखा.

चुका वाढवल्या. सगळेच भरकटले, मेले.
खाणं वाढवलं. पिवळा आणखी माजला.
दुष्काळ आणला;
दुष्काळ आणणं सोपं आहे, एक ओळ लागते.
उरला तो पिवळाच, फक्त हडकुळा.
एकशे तेरा रात्री. वहीत नोंद आहे.

उगवण बघणारे मुबीनभाई म्हणाले,
'जिंकतोय तर जिंकू द्या ना मॅडम.'
द्वारकाबाई फरशी पुसत होत्या.
मोबाइलमधला फोटो लांब धरून बघितला:
'ह्याला बांध कुठंय?'
बांध?
'वावरात एकच पेरता, एकच येतंय.
तरवड, आघाडा, रुचकी, बोरीचं झुडूप,
घोरपडीचं बीळ, समदं बांधावर.
तिथं कुणाचं काय नसतंय, म्हणून ऱ्हातंय.'
आणि बादली उचलून गेल्या.

त्या रात्री बांध घातले.
एक ठिपका रुंद, वाकडे, मधेमधे फुटलेले.
तिथं खाणं कमी,
पण पिवळ्याला पटकन चढता येत नाही.
आणि एक कीड सोडली,
दिसेल त्याला न लागणारी,
जो फार दिसेल त्यालाच लागणारी.

तीन वाजता सात रंग.
झोपले नाही. डोळा लागला तर
एखादा निघून जाईल असं वाटत राहिलं.
पाचला नऊ.
लाइट गेली, पंखा थांबला, डास आले,
बॅटरी सतरा टक्के. तरी नऊ.

आणि एका बांधाच्या आडोशाला एक राखाडी,
जो मी लिहिलाच नव्हता.
पळत नाही, कुणाला खात नाही.
मेलेल्यांच्या पोटातले उरलेले आकडे
गोळा करून बसतो.
खूप वेळ बसतो.
त्याच्या आसपास दोन निळे तग धरतात,
का, ते मला अजून कळलेलं नाही.

साठवायचं राहून गेलं. पडदा काळा झाला.
नंतर तेच आकडे सोडले, तेच बांध, तीच कीड.
रंग आले. कधी सहा, कधी अकरा.
राखाडी आला नाही.

आज नमुना चारशे बारा. तूर.
कागदाच्या कडेला एक बी,
राखी, कंगोरेदार, भिंगाखालीही अनोळखी.
मुबीनभाईंनी उलटसुलट बघून खांदे उडवले.
तक्त्यात लिहिलं: तण, एक.
खाली सही.

बी अजून चिमट्यातच आहे.
द्वारकाबाई, झाडू जरा थांबवा.