अठ्ठावन्न नंबरचा साचा

हा बघा, पितळेचा. खाली कोळसा, वर वाफ,
मधे लाल नमदा. चार मिनिटं दाबायचा, दोन्ही मुठींनी,
हट्टी बैलाची शिंगं धरावीत तसा.
घूरियाच्या गल्लीत माझ्या बापाचे सत्तावीस साचे होते.
आता हा एकच. बाकीचे मोडीत गेले, किलोवर.
हा नाही दिला. हा वगीह सरगियुसचा.

तुम्ही त्याला पाशा म्हणूनच ओळखाल.
त्रेसष्ट चित्रपट, त्यांत एकोणपन्नास वेळा पाशा.
जिना उतरणारा पाशा, मुलीचं लग्न मोडणारा पाशा,
कॉफीत साखर जास्त झाली म्हणून
पेला न बघता परत सारणारा पाशा.
तांत्याच्या तारमास्तरचा मुलगा तो.
स्टुडिओत आला चहाचा ट्रे घेऊन.
जेवणाच्या सुट्टीत सेटवरच्या खुर्चीत टेकला,
पाय दुखत होते म्हणून,
आणि दिग्दर्शक दारातच थबकला.
म्हणाला, उठू नकोस.

बावीस वर्षं उठला नाही मग.

शुब्राला राहायचा, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती.
बायको तेरेझ लोकांचे कपडे शिवायची.
ट्राममध्ये माणसं उठून जागा द्यायची, "बसा, पाशा,"
आणि पाशाच्या मुठीत तिकिटापुरती नेमकी नाणी.
दर गुरुवारी माझ्याकडे. टोपी काढून द्यायचा
आणि वाफ धरेपर्यंत कोपऱ्यात बोडका बसायचा,
दाराकडे पाठ करून.
लोकांनी डोक्यावर घेतलेलं डोकं ते,
असं उघडं कुणाच्या नजरेला पडू नये.
उधारी एकदाच ठेवली, मुलीला घटसर्प झाला तेव्हा.
पुढच्या गुरुवारी चुकती केली. मुलीचं मी विचारलं नाही.
दोन नाणी जास्त होती, मी परत केली, त्यानं घेतली.
एवढंच बोलणं.

मग राजा बोटीत बसून गेला.
पाशा हा शब्दच कायद्यानं पुसला.
टोपी फिरवणारे पुष्कळ निघाले त्या वर्षी आमच्या शहरात,
काहींनी माझ्या दुकानासमोर जाळल्याही.
मला वाटलं, संपलं, त्याचंही, माझंही.
छे. त्याला कामं दुप्पट आली.
तीच टोपी, तोच काळा गोंडा, तोच जिना.
त्यांनी फक्त दिवा फिरवला.
आधी उजेड वरून पडायचा, आता खालून, हनुवटीवर.
आणि काल सलाम करणारे
अंधारात बसून शिव्या घालू लागले.
अताबाच्या थांब्यावर एका पोरानं टोमॅटो मारला, सडका.
तसाच आला, गालावर बिया.
"रिदवान, डाग काढ. पोराचा नेम चांगला होता."
आवाजात अभिमान होता की आणखी काही,
मला अजून लावता येत नाही.

एकाच चित्रपटात तो बोडका आहे.
स्टेशनवर मुलाची वाट बघणारा बाप, संवाद तीन.
सहा दिवसांत उतरला.
मी पाचव्या दिवशी गेलो, दुपारच्या खेळाला.
थिएटरात मी आणि एक झोपलेला शिपाई.
पडद्यावर गाडी येते, जाते. कुणी उतरत नाही.
तो आमच्याकडे वळतो,
आणि कपाळावर, या कानापासून त्या कानापर्यंत,
वळ.
रंगवाल्यानं पावडर थापली होती, तरी दिसत होता.
माझ्या साच्याच्या कडेचा, चोवीस वर्षांचा वळ.
कुणाला तरी सांगायला हवं होतं.
मी शिपायाला हलवलं.
तो म्हणाला, "आलं का स्टेशन?"

वगीह गेला त्या आठवड्यात तेरेझ आली. गुरुवारच होता.
म्हणाली, आजारात डोकं बारीक झालं त्यांचं,
टोपी भुवयांवर उतरते, लोक बघायला येतील.
पिशवीतून शिवणाचा दोरा काढला, दोन गाठी मारलेला.
मी मोजला. छप्पन्न.
छप्पन्नचा साचा तेव्हा होता माझ्याकडे, फळीवर, हाताशी.
तरी मी ह्याच्यावरच दाबली.
आतून वर्तमानपत्राची घडी लावून दिली.

नट होता.
थोडी मोठी टोपी त्याला सांभाळता यायची.