रीडिंग

लष्करातल्या साडेचारशे घरांचे मीटर मी वाचतो.
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीवर, कधी देवळीच्या वर,
टॉर्च दातांत धरून.
बारा वर्षांत आकडा चुकलेला नाही,
चितेराओळीतल्या भाडेकरूंच्या भांडणातसुद्धा.

एप्रिलात मला झालं. वरच्या खोलीत चौदा दिवस.
शालू ताट उंबऱ्याशी ठेवायची, दोन पायऱ्या उतरून बसायची
आणि दाराआडून एकोणतीसचा पाढा म्हणायची.
साताशी अडायची. मी आतून खोकायचो,
तिला वाटायचं, चूक धरली.
तिचंही एक दिवस नाक वाहिलं. बस्स.
मुलांना काही होत नाही, म्हणालो.
सगळेच म्हणत होते.

मे संपता संपता ताप.
बाहेर पंचेचाळीस, लू दारं आपटतेय,
आणि ही गोधडी मागतेय.
पोट दुखतं म्हणाली, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अपेंडिक्स ठरलं.
चौथ्या दिवशी डोळे लाल, पण चिपडं नाहीत.
ओठ फाटलेले. जीभ लालभडक.
आईनं खरंच विचारलं, बर्फाचा गोळा खाल्लास का गं?
ती रागावली.
दोन महिन्यांत तिनं गोळ्याची गाडी पाहिलीसुद्धा नव्हती.

मुरारच्या इस्पितळात भिंडकडची एक तरुण डॉक्टरीण.
म्हणाली, भैया, वायरस तो कब का गया.
अब बदन ख़ुद से लड़ रहा है.
आणि कागद पुढे केला.
सीआरपी, फेरिटिन, हृदय पस्तीस टक्के.
मी आकड्यांचा माणूस.
पण ह्यांना मागचं रीडिंग नव्हतं,
वजाबाकी कशातून करू?

पहाटे बाकावर ते मला कळलं, माझ्या भाषेत.
मेन बंद. घरात कुणी नाही.
दिवा नाही, पंखा नाही,
तरी चकती फिरतेय.
जुन्या मीटरांवर पाहिलंय मी हे.
भिंतीत कुठेतरी ओल असते, तार उघडी असते.
मालक म्हणतो, मीटर खोटा आहे.
मीटर खोटा नसतो.

नऊ बाटल्या. एकेक माझ्या पगाराहून महाग.
स्कूटर गेली, पाटल्या गेल्या,
ज्या मेहुण्याशी बोलत नव्हतो त्यानं न विचारता पैसे पाठवले.
सिस्टर म्हणाली, ह्यात हजार माणसांच्या रक्तातलं काही असतं,
कुठल्या कुठल्या.
रात्रभर थेंब पाहत मी दारं आठवत बसलो.
नंतर या म्हणणारी.
कुत्रा सोडणारी.
नई सडकेवर मठ्ठ्याचं भांडं पुढे करून
पी आधी, मग वाच, म्हणणारी ती म्हातारी.
कुणाचं काय तिच्या हातात उतरत होतं, कोण जाणे.

सकाळी ती म्हणाली, पाणी.
मग म्हणाली, हा पंखा आवाज करतो.

अकराव्या दिवशी घरी.
बोटांची सालं निघू लागली, शेंगदाण्याच्या फोलपटासारखी.
ती कंपासपेटीत जमवते,
आईनं झटकली तर भांडते.

एक गोष्ट मी कुणाला विचारलेली नाही.
ते ताट.
परत नेताना तिनं उचललं होतं का,
हात धुतले होते का.
मागचं रीडिंग काढायला गेलो
तर माझ्याच दाराशी निघतं.

ऑगस्टात तिसरा इको.
छातीवर गार जेली, गुदगुल्या होतात तिला.
हिलना मत बिटिया, म्हटल्यावर
ती पुटपुटत पाढा म्हणू लागली.
डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला.
मी सवयीनं खिशातून पेन काढलं,
आणि कशावर लिहायचं ते सुचेना.
ती अजून सातापाशीच होती.