पेरो, सिनो

उद्यमबागेतली पाळी सुटली की
सातेरी येतो. नखांत तेल.
वहीत पेरो आणि सिनो,
दोन्हींपुढं एकच शब्द: पण.

तसं नव्हे रे.
चहा गोड नाही, पण गरम आहे, तिथं पेरो.
चहा नव्हे, तर कॉफी, तिथं सिनो.
पेरो पहिल्याला बसू देतो,
सिनो त्याला उठवून
खुर्ची दुसऱ्याला देतो.

"म्हणजे बाई, शहापुरात
मामाच्या दुकानावरची पाटी?"
सिनो, मी म्हटलं.

"आणि मामी? माहेर गोकाकचं.
मामाशी भांडती मराठीत,
पैसे मोजती कन्नडमधनं."

खडू माझ्या हातातच राहिला.
त्यानं आपणच लिहिलं पेरो,
घाईत एक आर जास्त.
त्याचा अर्थ कुत्रा.
तेवढं मी खोडलं.