त्रेचाळीस इंच

चवथीला अजून नऊ दिवस.
मडगांवहून कुडचड्याला रोक आला, खांद्याला ड्रिल.
खोका उभाच ठेवा म्हणाला, आडवा केला की काच रुसते.
भिंतीवर टिचकी मारून पाहिली, फणसावर मारतात तशी.
चिरा आहे. धरेल, पण सांडेल.

सांडलाच.
खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर
तांबड्या पुडीचे चार ढीग.
आई केरसुणी घेऊन उभी होती, वाकली नाही.
एकोणीस वर्षं हाच रंग ती
शर्टांच्या कॉलरमधून घासत होती.
"खाणी बंद पडल्या," एवढंच बोलली,
"ही भिंत अजून चालूच."

लाकडाच्या खुंट्या ठोकून
पट्टीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
रोक जीभ बाहेर काढून उभा राहिला.
अर्धा चहा ठेवून निघाला. जाता जाता म्हणाला,
दुकानातले रंग भडक असतात, घरात उतरवावे लागतात.
ओळखीचं काहीतरी लावा आणि जुळवा.

ओळखीचं म्हणजे काय?
बातम्या सांगणारीचा खरा रंग
तिच्या आईला माहीत.
दादाने पेनड्राईव्ह खुपसला:
मालूआत्याचं लग्न, दोन हजार तीन, कॅसेटवरून उतरवलेलं.
तिसऱ्या मिनिटाला मांडवातून बाबा आले,
हातात सोड्याचा क्रेट,
कडेपासून कडेपर्यंत ताणलेले.

"गालांवर मांस आलं," आई म्हणाली, "राहू दे असंच."
दादाने ऐकलं नाही. चौकट चारास तीन केली.
दोन्ही बाजूंना काळोख आला, मध्ये बाबा बारीक झाले,
होते तेवढे.

मग रंग.
"इतके गोरे कुठे होते?" दादा.
"लग्नात होते," आई. कोणाच्या, ते सांगितलं नाही.
मी म्हटलं तांबूस. कानांमागे तर नक्कीच,
खांद्यावर बसून मी तेच बघायचे.
टिंट चोपन्न. टिंट एकसष्ट. परत अठ्ठावन्न.
तिघांचे तीन बाबा, रिमोट एक.
मध्येच नवरीचा शालू चॉकलेटी झाला,
त्याबद्दल कोणी बोललं नाही.

तरी काहीतरी बिनसलं होतं.
बाटल्या किणकिणत होत्या आणि क्रेट हलत नव्हता.
बाबा तेलावरून सरकत होते.
टिप्परच्या फाळक्याखाली सापडलेला पाय
असा सरळ पडत होता,
जणू कोणी त्यावर इस्त्री फिरवली.

दादा मेनूत खोल गेला. सापडलं.
हालचाल गुळगुळीत करा: हो.
म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये एक तिसरं,
कधी न घडलेलं,
यंत्र आपल्या मनाने घालतं.
त्याचा अंगठा तिथेच थांबला.

आई इतका वेळ सुपात डाळ निवडत होती, नेवऱ्यांची.
एक खडा बाजूला काढत म्हणाली,
"तो पाय मी दाबलाय रे. काढ ते."

नाही.

आणि बाबा लंगडले.
उजवा, मग जरा थांबून डावा.
क्रेट कमरेवर सरकवला,
कॅमेऱ्याला वैतागून हाताने बाजूला हो केलं,
आणि उजवीकडच्या काळोखात गेले.
बदल जपून ठेवू का, टीव्हीने विचारलं.

जुन्या टीव्हीच्या उबेवर झोपणारं मांजर
संध्याकाळी आलं. वर बघितलं,
कडा डोळ्यांनी मोजली, जेमतेम दोन बोटं,
आणि खोक्यातल्या थर्माकोलवर जाऊन पडलं.

रात्री आठची मालिका लागली.
सासू तांबूस, सून तांबूस,
त्यांचा पांढरा बंगलासुद्धा
खाणीवरची पाळी संपवून नुकताच घरी आलेला.
"रंग बिघडला गो तुमचा," शेजारची रत्नप्रभा म्हणाली.
आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
"ना. बरो आसा."